व्हिक व्हायपर हाती घेताना

वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा गेम आणि कॅसेट भाड्याने आणून ज्यांनी सुट्ट्या काढल्या, त्यांच्या बोटांना हा क्रम आजही पाठ असेल. ‘काँट्रा’मध्ये त्याने तीस लाईफ मिळायच्या. पण हा कोड काँट्रासाठी जन्मलाच नव्हता. कोनामी या जपानी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो हे प्रोग्रामर ‘ग्रेडियस’ हा गेम फॅमिकॉम या कन्सोलवर आणण्याचं काम करत होते. तपासणीसाठी गेम शेवटपर्यंत खेळावा लागे आणि तो त्यांना फार कठीण जाई. म्हणून यानाला एका झटक्यात जवळजवळ सगळी शस्त्रं देणारी ही चोरवाट त्यांनी आत ठेवली, आणि ती 1986 च्या विक्रीच्या कॅसेटमध्येही तशीच राहिली.

बनवणाऱ्या माणसाला जो गेम अवघड गेला, तो आपण कसा शिकायचा, यासाठी हा लेख आहे. ग्रेडियस म्हणजे नुसती बोटांची चपळाई, असा समज आहे. माझं मत वेगळं आहे. चपळाई लागते, पण त्याहून जास्त लागतो तो हिशोब: हातातली कॅप्सूल कधी खर्चायची, आणि मागून येणारे सोबती कुठे उभे करायचे. या दोन गोष्टी जमल्या की सामान्य वेगाच्या बोटांनीही बरंच पुढे जाता येतं.

थोडी ओळख करून घेऊ. आर्केडवरचा ग्रेडियस 1985 चा. हिरोयासु माचिगुची यांच्या हाताखालच्या गटाने तो बनवला. काम सुरू झालं ते कोनामीच्याच 1981 च्या ‘स्क्रँबल’चा दुसरा भाग म्हणून. जपानबाहेर हाच गेम ‘नेमेसिस’ या नावाने गेला, त्यामुळे जुन्या संग्रहात ते नाव दिसलं तर गोंधळू नका. यानाचं नाव व्हिक व्हायपर. स्क्रीन आपोआप उजवीकडून डावीकडे सरकत राहते. एकूण सात लेव्हल आहेत, आणि सातवी संपली की गेम पहिल्यापासून, अधिक कठीण होऊन, पुन्हा सुरू होतो.

पहिल्या आवृत्तीचं यंत्रही नवलाचं होतं. त्यात बबल मेमरी वापरली होती आणि ती गरम झाल्याशिवाय गेम सुरूच होत नसे. तोवर स्क्रीनवर उलटी मोजणी चाले आणि एक शांत धून वाजे. ‘मॉर्निंग म्युझिक’ या नावाने ती धून आजही चाहते ऐकतात. गेममधल्या संगीताशी मिकी हिगाशिनो यांचं नाव जोडलेलं आहे, आणि ते संगीत खेळायलाही उपयोगी पडतं. ते कसं, ते पुढे येईलच.

आज हा गेम सरळ मार्गाने सहज मिळतो. कोनामीच्या 2019 च्या आर्केड संग्रहात तो आहे, आणि 2025 मध्ये आलेल्या ‘ग्रेडियस ओरिजिन्स’मध्ये या घराण्यातले बरेच गेम वेगवेगळ्या आवृत्त्यांसह एकत्र आले आहेत. कॉम्प्युटर असो की कन्सोल, खेळताना बोटाखाली चार दिशांचं कडक बटण असू द्या. गोल फिरणाऱ्या काडीवर यान नेमकं सरळ रेषेत नेणं अवघड जातं, आणि सरळ रेषा इथे फार महत्त्वाची आहे. मोबाईलच्या काचेवर तर हा गेम शिकूच नका. मोठ्या टीव्हीवर खेळणार असाल तर सेटिंगमध्ये गेम मोड लावा, नाहीतर बटण दाबल्यानंतर यान किंचित उशिरा हलतं आणि दोष उगाच स्वतःच्या हाताला दिला जातो. सलग गोळीबाराची सोय असेल तर ती चालू करून घ्या. अंगठा दुखवून घेण्यात काही कौशल्य नाही.

आता मुख्य गोष्ट. स्क्रीनच्या तळाशी एक पट्टी दिसते. तिच्यात डावीकडून उजवीकडे सहा घरं: स्पीड अप, मिसाईल, डबल, लेझर, ऑप्शन, आणि शेवटी प्रश्नचिन्ह, म्हणजे शील्ड. लाल शत्रू मारला किंवा रांगेनं येणारी एखादी तुकडी पुरी टिपली की कॅप्सूल मिळते. एक कॅप्सूल घेतली की पट्टीवरचा उजेड एक घर पुढे सरकतो. ज्या घरावर उजेड असेल ते शस्त्र पॉवरचं बटण दाबून घ्यायचं. घेतलं की उजेड विझतो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी. क्वचित निळी कॅप्सूलही मिळते. ती पट्टी पुढे नेत नाही, पण स्क्रीनवरच्या लहानसहान शत्रूंचा एकदम फडशा पाडते.

म्हणजे प्रत्येक शस्त्राची किंमत ठरलेली आहे. स्पीड एक कॅप्सूल, मिसाईल दोन, डबल तीन, लेझर चार, ऑप्शन पाच, शील्ड सहा. आर्केडवर ऑप्शन चार घेता येतात. पूर्ण सज्ज यान, म्हणजे दोन स्पीड, मिसाईल, लेझर, चार ऑप्शन आणि शील्ड, यांची बेरीज 34 कॅप्सूल होते. फॅमिकॉमवर यंत्राच्या मर्यादेमुळे ऑप्शन दोनच, म्हणून तिथे 24 त भागतं. ही बेरीज डोक्यात ठेवली की अधीरपणा कमी होतो, कारण सगळं एकदम मिळणार नाही हे उघड होतं, आणि मग आधी काय घ्यायचं हाच खरा प्रश्न उरतो.

पहिली कॅप्सूल स्पीडसाठी, यात वाद नाही. सुरुवातीचं यान इतकं मंद असतं की समोर दिसणारी गोळीही चुकवता येत नाही. दुसरा स्पीड बहुतेकांना मानवतो. तिसरा मात्र नको. पॉवरचं बटण सवयीने दाबलं जातं, स्पीड वाढत जातो आणि मग अरुंद जागेत यान जरा सरकवायला जावं तर थेट भिंतीवर आदळतं. घेतलेला स्पीड परत करता येत नाही. म्हणून उजेड पहिल्या घरावर असताना अंगठा त्या बटणापासून दूरच ठेवा.

त्यानंतर मिसाईल घ्या. ती खाली पडून जमिनीवरून सरपटत जाते आणि जमिनीवरच्या तोफा उडवते. दोन कॅप्सूलमध्ये एवढं काम करणारं दुसरं काही नाही. मग माझ्या मते थेट ऑप्शनकडे जावं, निदान एक तरी घ्यावा, आणि मग लेझर. पुष्कळ जण आधी लेझर घेतात, कारण उजेड त्या घरावर आधी येतो आणि मोह आवरत नाही. पण ऑप्शन घेतला की तुमची प्रत्येक गोळी आणि प्रत्येक मिसाईल दुप्पट होते. लेझर फक्त गोळीची जात बदलतो. डबल आणि लेझर एकत्र राहत नाहीत, एक घेतलं की दुसरं जातं. डबलमध्ये एक गोळी समोर जाते आणि एक तिरकी वर. छतावरच्या तोफांसाठी ते ठीक आहे, पण लेझर लहान शत्रूंना भेदून पुढे जातो. लांबचा विचार केला तर लेझरच हवा.

शील्ड पुढच्या बाजूला बसतं आणि पुढून येणारा मारा झेलत झिजत जातं. वरून, खालून, मागून ते काही वाचवत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर गर्दीत घुसू नका. त्याबाबतची एक सवय मात्र जरूर लावून घ्या. सगळं मिळवून झालं आणि शील्डही बसलं की आणखी सहा कॅप्सूल गोळा करून उजेड प्रश्नचिन्हावर आणून ठेवायचा आणि बटण दाबायचं नाही. जुनं शील्ड संपलं की त्याच क्षणी दाबायचं. या काळात समोरून आलेली कॅप्सूल सोडून द्यायला शिकावं लागतं, कारण एक जास्तीची घेतली तर उजेड शेवटच्या घरावरून निसटून पुन्हा सुरुवातीला जातो. शत्रू मारून मिळालेली वस्तू मुद्दाम टाळायची हे सुरुवातीला हाताला पटत नाही. पण या गेममध्ये नवशिका आणि मुरलेला खेळाडू यांतला फरक इथेच दिसतो.

आता ऑप्शन. हे नारिंगी तेजाचे गोळे तुमच्या मागे येतात, तुम्ही झाडता तेच झाडतात आणि त्यांना काहीही इजा होत नाही. ते मागे येतात म्हणजे तुमच्या जवळ चिकटून राहतात असं नव्हे. मुलं एकमेकांचा सदरा धरून आगगाडी खेळतात तेव्हा पुढच्याने जे वळण घेतलं तेच वळण त्याच जागी मागचाही घेतो, तसे ऑप्शन तुमच्या वाटेवरूनच चालतात. आणि तुम्ही थांबलात की तेही जिथल्या तिथे थांबतात. या दोन नियमांतून सगळी व्यूहरचना निघते.

हे करूनच पाहा. पहिल्या लेव्हलच्या सुरुवातीच्या मोकळ्या भागात यान स्क्रीनच्या तळाजवळ न्या. आता मध्ये कुठेही डावं-उजवं न करता सरळ वर जा आणि थांबा. मागचे ऑप्शन तुमच्या खाली उभ्या रेषेत लटकलेले दिसतील. या स्थितीत गोळीबार केलात तर स्क्रीनचा मोठा उभा पट्टा एकाच वेळी झाकला जातो. आता दुसरी रचना करून बघा. डावीकडच्या कडेजवळून सरळ उजवीकडे सरका. ऑप्शन तुमच्या मागे आडव्या रेषेत येतील आणि सगळ्यांचा मारा एकाच ओळीवर पडेल. उभी रचना गर्दीसाठी, आडवी रचना बॉससाठी. या दोन रचना अंगवळणी पडल्या की यान कमी हलवायचं. नवखा खेळाडू घाबरून सतत इकडेतिकडे फिरतो, त्याचे ऑप्शन विस्कटतात आणि मारा वाया जातो. ज्याला खेळ कळलाय तो आधी जागा निवडतो, ऑप्शन मांडतो, आणि मग इंच-इंच सरकतो.

पहिल्या लेव्हलच्या शेवटी याचा लगेच उपयोग होतो. डोंगरांची रांग संपते, स्क्रीन थबकते आणि दोन ज्वालामुखी दगड ओकू लागतात. दगड वर उडून कुठेही पडतात, म्हणून त्यांच्या मागे धावू नका. डाव्या बाजूला, पण अगदी कडेला न चिकटता, उभी रचना करून बसा आणि गोळीबार सुरू ठेवा. दगड फुटतात. जे निसटून येतील तेवढेच चुकवा. कडेला चिकटायचं नाही, कारण मागे सरकायला यानाच्या लांबीएवढी जागा हवीच.

नंतर येतो बिग कोअर. हा बॉस वेगवेगळ्या रूपांत या सगळ्या मालिकेत भेटत राहतो, त्यामुळे त्याच्याशी ओळख पक्की करून घ्या. मधोमध निळा गाभा, त्याच्यासमोर एकामागे एक पट्ट्यांचे अडथळे, आणि तो वर-खाली सरकत चार लेझर सोडतो. आधी पट्ट्या फोडायच्या, मग गाभा. इथे आडवी रचना लागते. दुसरी गोष्ट म्हणजे थोडं जवळ जा. स्क्रीनवर एका वेळी तुमच्या मोजक्याच गोळ्या राहू शकतात. आधीची लागली किंवा बाहेर गेली की पुढची सुटते. म्हणून जितके जवळ, तितका गोळीबार दाट. गाभ्यासमोर या, मारा, लेझर सुटायच्या बेताला बाजूला व्हा, पुन्हा समोर या. फारच अडलात तर फक्त जीव वाचवत राहा. ठरावीक वेळेत फुटला नाही तर तो स्वतःच नष्ट होतो.

इथे संगीताकडे वळतो. आर्केडवर लेव्हलच्या आधीच्या मोकळ्या अवकाशात एक धून वाजते, आणि प्रत्यक्ष भूभाग सुरू झाला की लेव्हलची धून सुरू होते. म्हणजे पहिली धून वाजतेय तोवर कॅप्सूल गोळा करायची, पट्टी नीट लावायची, ऑप्शन मांडून घ्यायचे. धून बदलली की तयारीची वेळ संपली. डोळे गोळ्यांवर गुंतलेले असताना कान ही खबर देतात. आवाज बंद करून ग्रेडियस खेळणाऱ्यांना ही मदत मिळतच नाही.

दुसऱ्या लेव्हलबद्दल फार सांगण्यासारखं नाही, दगडी अडथळ्यांमधून वाट काढायची, घाई करायची नाही. तिसरी मात्र या गेमची ओळखच बनली आहे. ईस्टर बेटावरचे मोआई पुतळे इथे अवकाशात उभे आहेत आणि तोंडातून कडी फेकतात. त्यांचा मर्मभाग म्हणजे ते तोंड, तेही उघडलेलं असताना. डोक्यावर, हनुवटीवर कितीही मारा, काही होत नाही. काही पुतळ्यांचं तोंड डावीकडे असतं, काहींचं उजवीकडे. तुम्ही उत्साहाने उजवीकडे पुढे गेलात तर मागे सुटलेले उजव्या तोंडाचे पुतळे पाठीवर मारा करतात, आणि तुम्हाला मागे गोळी झाडता येत नाही. म्हणून या लेव्हलमध्ये डाव्या तिसऱ्या हिश्श्यातच राहा, म्हणजे मागे राहणारे पुतळे लवकर स्क्रीनबाहेर जातात. कडी गोळीने फुटतात, तेव्हा उभी रचना पुन्हा कामाला येते.

चौथ्या लेव्हलमध्ये ज्वालामुखी उलटे, छताला लटकलेले. पाचवीत हातपाय पसरणारे तंतूंचे जीव, त्यांच्या हातांवर गोळ्या न घालवता मधल्या शरीरावर मारायचं. सहावीत पेशींसारखे जीव. सातवी म्हणजे किल्ला, अरुंद आणि तोफांनी भरलेला. त्याच्या अखेरीस एक मेंदू बसलेला आहे, आणि तो हल्लाच करत नाही. खरी कसोटी त्याच्यापर्यंत पोचण्यात आहे. इतक्या लढाईनंतर समोर असा निश्चल शत्रू यावा, हे मला कोनामीच्या त्या गटाचं मोठं धाडस वाटतं.

आता सगळ्यात कठीण विषय. आर्केडच्या ग्रेडियसमध्ये लाईफ गेली की तुम्ही त्याच जागी परत येत नाही. मागच्या ठरलेल्या ठिकाणी नेऊन सोडलं जातं, तेही रिकाम्या हाताने. स्पीड नाही, लेझर नाही, ऑप्शन नाही. जी लेव्हल 34 कॅप्सूलचं यान घेऊन खेळत होतात, ती आता रांगत्या यानाने खेळायची. बहुतेक लोक ग्रेडियस सोडतात ते इथे. एकदा मेलो की संपलं, असं म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, पहिली लेव्हल शंभरदा खेळतात आणि पाचवी कधी शिकतच नाहीत.

यावर उपाय असा: रिकाम्या यानाचाच सराव करा. नव्या आवृत्त्यांमध्ये हवं तिथे खेळ साठवून ठेवता येतो. तिसऱ्या किंवा पाचव्या लेव्हलमध्ये लाईफ गेली आणि यान मागच्या ठिकाणी उभं राहिलं, की त्या क्षणी साठवा, आणि तो तुकडा एक वेगळा छोटा गेम आहे असं समजून पुन्हा पुन्हा खेळा. कुठला शत्रू लाल आहे, पहिली कॅप्सूल कुठे मिळते, ती घेईपर्यंत कुठल्या कोपऱ्यात थांबलं तर गोळी लागत नाही, हे शोधून काढा. शत्रू दर वेळी त्याच क्रमाने येतात, त्यामुळे शोधलेली वाट पुढेही उपयोगी पडते. पहिली कॅप्सूल स्पीडला, पुढच्या दोन मिसाईलला, आणि मग काहीही झालं तरी पाच जमवून ऑप्शन. एवढं जमलं की यान पुन्हा उभं राहिलं म्हणायचं.

यांतल्या काही आवृत्त्यांमध्ये काही सेकंद मागे जाण्याची सोयही आहे. ती शिकण्यासाठी वापरू नका, असा माझा आग्रह आहे. मरणाच्या दोन सेकंद आधी जाऊन यान जरा बाजूला केलं तर ती एक गोळी चुकते, पण ती गोळी चुकवायची वेळ आपल्यावर आली ती दहा सेकंदांपूर्वी चुकीच्या जागी उभं राहिल्यामुळे, हे कळत नाही. साठवलेल्या जागेवरून पुन्हा आलात की तो सगळा प्रसंग परत जगावा लागतो आणि मूळ चूक सापडते. पुढच्या लेव्हल नुसत्या बघायच्या असतील, संगीत ऐकायचं असेल, तर मागे जाण्याची सोय खुशाल वापरा. त्यात काही गैर नाही.

आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. तुम्ही जितके सज्ज, आणि जितका वेळ न मरता खेळता, तितका गेम आतून कठीण होत जातो. त्यामुळे पूर्ण सज्ज यान असूनही अचानक गोळ्या वाढल्या तर दचकू नका. उलट बाजूने पाहिलं तर रिकाम्या हाताने परत आलात तेव्हा गेमही थोडा नरमलेला असतो, ही गोष्ट परत उभं राहताना धीर देते.

सरावाची वेळ आखूड ठेवा. वीस-पंचवीस मिनिटं एकाच लेव्हलवर घालवली तर जे हाती लागतं ते दोन तास सगळीकडे भटकून लागत नाही. नजर यानावर न ठेवता यानाच्या पुढच्या मोकळ्या जागेवर ठेवायची सवयही अशा छोट्या सरावातच लागते.

पहिली फेरी पुरी झाली, किंवा निदान किल्ल्यापर्यंत पोचलात, की पुढे काय हा प्रश्न येईल. 1986 चा ‘सॅलमँडर’ घ्या. त्यात दोघांना एकत्र खेळता येतं, काही लेव्हल आडव्या तर काही उभ्या सरकतात, आणि लाईफ गेली तरी तिथल्या तिथे परत येता येतं, त्यामुळे घरातल्या नवख्या माणसाला सोबत घ्यायला तो उत्तम. त्यानंतर 1988 चा ‘ग्रेडियस II’, ज्यात शस्त्रांच्या चार संचांतून आपला निवडता येतो. 1987 चा ‘आर-टाईप’ हा दुसऱ्या कंपनीचा, आयरेमचा, आणि त्यातला सोबतीचा गोळा यानाला पुढून किंवा मागून जोडता येतो. ऑप्शन नीट समजलेल्या माणसाला तो वेगळाच आनंद देतो. 1989 चा आर्केडवरचा ‘ग्रेडियस III’ मात्र सर्वांत शेवटी ठेवा. त्याची सुपर फॅमिकॉमवरची आवृत्ती बरीच सोपी आहे, सुरुवात तिथून करा. आणि त्या आवृत्तीत तो जुना कोड जसाच्या तसा टाकू नका. शस्त्रं मिळतात, आणि लगेच यान स्फोट होऊन नष्ट होतं. तिथे डावीकडे-उजवीकडेच्या जागी कंट्रोलरची एल आणि आर ही खांद्यावरची बटणं वापरावी लागतात.